व्यवस्थित कागद

आमची मुलगी रीम सोळा वर्षांची असताना कुणीतरी तिचा चेहरा उघड्या बाईच्या अंगावर चिकटवून ते फोटो तिच्या शाळेभर पसरवले. मॉन्ट्रियलच्या पोलिसांनी माग काढला, तो आमच्याच मायदेशातल्या एका माणसापर्यंत गेला. तिथे थांबला. "पुढे आमचा हात पोचत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

म्हणून सायबर गुन्ह्यांसाठी देशोदेशींचा करार झाल्याचं ऐकलं, तेव्हा माझा नवरा मोन्सेफ खजुराची मिठाई घेऊन आला. "आता लपू दे त्याला कुठं लपायचं ते!"

मोन्सेफ टॅक्सी चालवतो. फावल्या वेळात तो इंटरनेटवर आमच्या गावच्या बातम्यांचं एक पान चालवायचा, निनावी. गावचा नवा पूल उद्घाटनाआधीच खचला, तेव्हा तिकडे शाळेत शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने, लोतफीने, त्याचे फोटो पाठवले.

"भावजी, माझं नाव कुठं येणार नाही ना?"

"वेडा का खुळा तू? पानाची सगळी माहिती इकडच्या कंपनीकडे असते. तिकडच्या सरकारच्या बापाला सापडायचं नाही."

फोटो हजारो लोकांनी पाहिले. पूल बांधून घेणाऱ्या राज्यपालांची छीथू झाली.

पुढे करार लागू झाला. रीमच्या प्रकरणात इथून विनंती गेली. उत्तर आलं नाही. पुन्हा गेली. पुन्हा तेच.

मग एका सकाळी आईचा फोन आला. लोतफीला भर वर्गातून उचलून नेलं होतं, मुलांसमोर. गुन्हा काय, तर सरकारी संगणकात घुसखोरी! त्याला साधा प्रिंटर लावता येत नाही. वकिलाने सांगितलं की तिकडच्या सरकारने कराराखाली माहिती मागितली, आणि फोटो कुणाच्या फोनवरून आले ते इकडून कळवलं गेलं.

आम्ही त्याच अधिकारी बाईंकडे गेलो. मोन्सेफचा आवाज चढला. "माझ्या मुलीच्या अर्जाला ते विचारत नाहीत, आणि त्यांनी मागितलं की तुम्ही देऊन मोकळे?"

"त्यांचा कागद व्यवस्थित होता," बाई म्हणाल्या. "घुसखोरी हा गंभीर गुन्हा आहे. तो खरा की खोटा, हे तिकडचं कोर्ट बघेल."

"कोर्ट!" मोन्सेफ हसला. तसं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

लोतफीला पाच वर्षांची शिक्षा झाली. मोन्सेफने पान बंद केलं, तर गावचेच लोक पान चालवणाऱ्याला भेकड म्हणायला लागले. रीमच्या फोटोंचा माणूस तिकडे मजेत आहे. परवा त्याचं लग्न झालं म्हणे.

निकालानंतर मी आईला फोन केला.

"तुमच्याकडे स्वातंत्र्य आहे ना, सलवा? मग ते तिकडंच ठेवा. माझ्या घरात पाठवू नका."

मोन्सेफने माझ्या हातातून फोन घेतला. "आई, ऐका तरी..." तो म्हणाला. तिने केव्हाच बंद केला होता.