एका बाटलीची काच

बाबांनी दार उघडलं आणि पाहुण्याला आधी आत जाऊ द्यावं तसे ते बाजूला झाले. "बघ," म्हणाले.

लेकीने पाहिलं. आईच्या कामाच्या खोलीत खिडकीखाली एक नवी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर मोठ्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. एकीत निळ्या काचेचे तुकडे, शेजारी हिरवे, मग तपकिरी, मग मधाच्या रंगाचे, शेवटी पांढरे. सकाळचं ऊन त्यांच्यातून झिरपून जमिनीवर पडलं होतं. आईचे बिस्किटांचे जुने डबे, जे कपाटावर, दारामागे, जागा मिळेल तिथे असायचे, ते कुठेच दिसत नव्हते.

"डबे कुठे गेले?"

"भंगारात दिले. गंज चढला होता सगळ्यांना. हात कापून घेतला असतास एखाद्या दिवशी." बाबांनी निळ्या बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. "महिनाभर बसलो होतो. एकेक तुकडा धुतला, पुसला, रंगाप्रमाणे लावला. आता कसं, मागितलं की सापडेल."

बाबांची उभी हयात टपालाची वर्गवारी करण्यात गेली होती. हातातलं पत्र आपल्या कप्प्यात पडेपर्यंत त्यांच्या बोटांना चैन पडायची नाही. आई गेल्यावर काही दिवस माणसं येत राहिली, मग तीही यायची थांबली, आणि मग कधीतरी त्यांना ही खोली सापडली असणार.

"छान केलंत," लेक म्हणाली. निळ्या बरणीत किती बाटल्यांची काच एकत्र झाली असेल, ते ती नजरेने मोजू पाहत होती.

काचेचं काम न केलेल्या माणसाला हे सांगूनही पटत नाही. त्याच्या लेखी निळी काच म्हणजे निळी काच. पण प्रत्येक कारखान्याचा मसाला वेगळा असतो. तापली की एक काच जरा जास्त फुगते, दुसरी जरा कमी, आणि निवताना त्याच हिशेबाने आकसतात. दोन बाटल्यांचे तुकडे एका मण्यात घातले, तर आचेवर ते अगदी एकजीव झालेले दिसतात. गार व्हायला लागले की त्यांचं भांडण जुंपतं. मग मणी कधी भट्टीतच तडकतो, कधी चार दिवसांनी कुणाच्या तरी गळ्यात. म्हणून आई एका बाटलीची काच एकाच डब्यात ठेवायची आणि तिचा कणही दुसऱ्या डब्यात जाऊ द्यायची नाही. डब्यावर नाव नसायचं, आकडा नसायचा. फोडलेल्या बाटलीचं तोंड तेवढं वर ठेवलेलं असायचं, तीच खूण. "दिसायला सख्ख्या बहिणी," ती म्हणायची, "पण एका घरात नांदायच्या नाहीत."

ती तोंडं मात्र बाबांनी टाकली नव्हती. अत्तराच्या, शाईच्या, औषधांच्या जुन्या बाटल्यांची ती तोंडं त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडली होती, शोभेला म्हणून.

लेक रजा काढून आली होती ती मावशीच्या माळेसाठी. आजोबा औषधांच्या दुकानात कामाला होते, तिथली एक मोठी निळी बाटली आजीच्या घरात कायम खिडकीत असायची. आजी गेल्यावर ती दोघी बहिणींनी वर्षावर्षाने वाटून घेतली, आणि मावशीच्या वर्षात ती फळीवरून खाली आली. मावशीने तुकडे टॉवेलात गोळा केले, बहिणीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, रागव नंतर. आधी यांचं काहीतरी कर."

आईने माळ करायला घेतली. मावशीची बोटं संधिवाताने वाकलेली, आकडी लावणं-काढणं तिला जमत नाही. तेव्हा माळ डोक्यावरून घालता येईल एवढी लांब हवी होती. द्राक्षाएवढा एकेक मणी आणि एका मण्याला बाटलीचे दोन-तीन तुकडे. आई दवाखान्यात गेली तेव्हा सात मणी व्हायचे राहिले होते. रविवारी मावशी माळ घ्यायला येणार होती आणि पुढच्याच आठवड्यात मुलाकडे, समुद्रापलीकडे, राहायला जाणार होती. ती परत येईल का, हे तिला कुणी विचारत नव्हतं.

पहिला मणी लेकीने नजरेच्या भरवशावर केला. निळ्या बरणीतून एका छटेचे तीन तुकडे निवडले, सळईला मातीचा लेप दिला, ज्योत लावली. काच लाल झाली, मऊ झाली, सळईभोवती गुंडाळली गेली. आईपेक्षा तिचा हात जड होता, पण सुट्ट्यांमध्ये शिकलेलं सगळंच काही विसरलं नव्हतं. मणी भट्टीत ठेवला आणि भट्टी हळूहळू निवायला सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सळईवरून काढताना तो हातात दोन फाकांमध्ये सुटला.

तिने फाका खिशात टाकल्या. बाबा बाहेर पेपर वाचत होते.

दुपारी मावशीचा फोन आला. "माळ झाली का गं?"

"होतेय."

"तुझी आईसुद्धा दीड वर्ष 'होतेय' म्हणत होती. तुमच्या घराण्याचं ब्रीदच आहे ते."

"रविवारी देते, मावशी."

"नाही झाली तरी चालेल, असं मी म्हणणार नाही हां. मला ती हवीय." मग जरा थांबून, "भावोजी जेवतात का?"

"जेवतात."

"आणि तू?"

लेकीने उत्तर द्यायच्या आत मावशीने फोन ठेवला. तिची सवयच होती ती. रडू यायच्या बेतात असलं की ती फोन ठेवायची.

आता एकच उपाय होता, आणि तो शिकताना लेकीला जांभया आल्या होत्या. ओळखीच्या काचेचा एक कण आणि अनोळखी काचेचा एक कण शेजारी-शेजारी वितळवायचे, चिमट्याने धरून ओढायचे, केसासारखा बारीक दोरा काढायचा आणि थांबायचं. निवल्यावर दोरा सरळ राहिला तर काचा एकमेकींशी नांदतील. धनुष्यासारखा वाकला तर नांदणार नाहीत.

आजीच्या बाटलीचं तोंड तिने कट्ट्यावरून उचललं. जाड होतं, काचेचं बूच बसावं म्हणून आतून घासलेलं. ओठाच्या कडेचा एक कपचा तिने पकडीने तोडला आणि कामाला बसली.

बरणीतला तुकडा, तोंडाचा कण, ज्योत, ओढ, थांब. वाकडा. पुढचा. वाकडा. पुढचा. सरळ. बशीत ठेव. पुढचा. मान अवघडली, डोळ्यांसमोर निळं नाचायला लागलं. आईने ही खोली किती वर्षं सांभाळली आणि आपण फोनवर दर वेळी हेच विचारलं, "काय करतेस सध्या?" ती म्हणायची, "मणी." आपण पुढे विचारलं नाही.

बाबा चहा घेऊन आले आणि गेले नाहीत. स्टूल ओढून बसले. थोड्या वेळाने त्यांनी टेबलावर पडलेले दोरे उचलून सरळ एका बशीत, वाकडे दुसऱ्या बशीत ठेवायला सुरुवात केली. हात स्वस्थ बसायला तयारच नव्हते.

"हे वाकडे का होतात?"

"हात हलतो माझा."

"हात हलला तर नागमोडी होईल." त्यांनी एक दोरा उजेडात धरला. "हा एकाच बाजूला वळलाय. आणि तू ओढतेस तेव्हा सरळ असतो. गार झाल्यावर वळतो. मी बघत होतो."

लेकीने पुढचा तुकडा ज्योतीत धरला.

"खिशात काय आहे तुझ्या?" बाबांनी विचारलं. "सकाळपासून हात तिथेच जातोय."

तिने फाका काढून टेबलावर ठेवल्या. बाबांनी त्या जुळवून पाहिल्या, परत सोडवल्या.

"दोन बाटल्यांची काच होती यात."

"हो."

"म्हणजे डबे..." ते थांबले. बरण्यांची ओळ त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. ऊन आता तिकडे नव्हतं, रंग मातकट दिसत होते. "तिने मला सांगितलं असेल हे."

"नसेलही सांगितलं."

"असं कसं. दिवसभर दुसरं काय बोलायची ती. मी 'हं' म्हणायचो. हं म्हणायचो आणि पान उलटायचो."

लेकीला त्यांच्या खांद्यावर हात ठेवता आला असता. पण ठेवला असता तर दोघांनाही पुढचं काम जमलं नसतं. "बाबा," ती म्हणाली, "जाड तुकडे आधी काढून द्या. ती बाटली जाड होती."

त्यांनी निळी बरणी वर्तमानपत्रावर पालथी केली.

शनिवारपर्यंत ते दोघं तेवढंच करत होते. वाकड्या दोऱ्यांची बशी भरली, मग एक वाटी भरली. सरळ फार थोडे निघाले. सहा मण्यांपुरती काच जमली, ते सहाही भट्टीतून अखंड आले. सातव्यासाठी बरणीत जुळणारा एकही तुकडा सापडला नाही. एक दोरा होता, जेमतेम वाकलेला. डोळे किलकिले केले तर सरळच.

"हा चालेल कदाचित," लेक म्हणाली. ती इतकी दमली होती की तिला तो चालायलाच हवा होता.

"आणि तिकडे गेल्यावर तिच्या गळ्यात फुटला तर?" बाबांनी तो दोरा उचलून वाकड्यांच्या वाटीत टाकला. मग त्यांनी बाटलीचं तोंड तिच्यापुढे सरकवलं. ओठ जागोजागी कुरतडलेला होता, पण मानेचा भाग शाबूत होता. "याचा कर."

"मग परत कधी जुळवता येणार नाही, बाबा. या बरणीत आजीच्या बाटलीचा एखादा तुकडा राहिला असेल तर तो कायमचा हरवला."

"कर," बाबा म्हणाले.

रविवारी मावशी आली. तिने चपला काढायच्या आतच बाबा तिला म्हणाले, "सगळ्या काचा मी मिसळून टाकल्या. डबे दिले भंगारात. ही पोर आठवडाभर माझं निस्तरतेय."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "बसू तरी द्या मला, भावोजी."

ती बसली. लेकीने माळ तिच्या ओंजळीत दिली. मावशीने वाकड्या बोटांनी ती मणी-मणी पुढे सरकवली, पूर्ण एक फेरी. नवे मणी तिला लगेच कळले असणार. ते आईच्या मण्यांइतके गोल नव्हते.

"सगळे आमच्या आईच्याच बाटलीचे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "एक नक्की आहे," लेक म्हणाली. "बाकीच्या सहांचं सांगता येत नाही. एकाच कारखान्याची दुसरी बाटलीही असू शकेल. पण तिच्याशी नांदणारी काच आहे, एवढं नक्की."

मावशीने माळ डोक्यावरून घालून पाहिली. कानाशी थोडी अडली, मग उतरली.

"नांदतेय ना," ती म्हणाली. "आमच्या घरात तेवढंही कुणाला जमलं नाही." आणि मग बराच वेळ ती खिडकीकडे तोंड करून बसली. आज ठेवायला हातात फोन नव्हता.

तिला रिक्षात बसवून दोघं परत आले. लेकीची बॅग दाराशी भरलेली होती. ती तोंडावर पाणी मारून बाहेर आली, तर बाबा कामाच्या खोलीत होते. हिरवी बरणी वर्तमानपत्रावर पालथी झाली होती आणि त्यांच्या हातात कट्ट्यावरचं एक हिरवं तोंड होतं.

"गाडी कितीची आहे?"

"सहाची."

"मग तो दोरा कसा ओढायचा ते दाखवून जा."

"बाबा, हे सगळं लावून कधीच संपणार नाही."

"माहितीय."

तिने बॅग तिथेच ठेवली. स्टुलावर बसताना पाठ दुखली. ज्योत किती ठेवायची, दोन कण कसे चिकटवायचे, काच केव्हा ओढण्याइतकी मऊ होते, हे ती सांगत गेली, आईच्याच शब्दांत, कारण तिच्याकडे दुसरे नव्हते. बाबांनी चष्मा पुसून परत घातला होता. हात मांडीवर होते.

ती थांबली तेव्हा ते म्हणाले, "परत सांग."

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.