धोक्याकडे बोट

जेवायला बसण्याआधी थोरा प्रार्थना गायची. पाद्र्याची मुलगी ती. ताट समोर आलं की गळा आपोआप उघडायचा. दर उन्हाळ्यात ही तिघं कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद नावा, घेऊन हायडालच्या खोऱ्यात यायची, नदीकाठचं लाकडी घर भाड्याने घ्यायची, आणि हालवर व आस्लाक तिच्या मागे भसाड्या आवाजात सूर ओढायचे. यंदा मात्र सुट्टीचे शेवटचे दिवस आले आणि प्रार्थना तिची एकटीची झाली. बटाटे निवत होते, दोघे पुरुष आपापल्या ताटात डोळे रोवून बसले होते, तरी ती सगळी कडवी पुरी करत होती. देवाचे आभार अर्धवट कसे सोडायचे?

झालं होतं ते असं. नदीवर बोलून काही उपयोग नसतो. पाण्याच्या गर्जनेत शब्द कानापर्यंत पोचतच नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी चालतो. जो आधी उतरतो तो खाली खडकावर उभा राहतो आणि मागून येणाऱ्याला वाट दाखवतो. त्यात एक नियम कोणी मोडत नाही: बोट करायचं ते जायच्या वाटेकडे, धोक्याकडे कधीच नाही. वरून येणारा विचार करत बसत नाही. बोट दिसेल तिकडे नाव घालतो.

त्या दिवशी खडकावर आस्लाक होता. त्याचं बोट ज्या फटीकडे गेलं त्या फटीत हालवरने नाव घातली, आणि तिथे पाण्यात एक भूर्जाचं झाड आडवं पडलेलं होतं. नाव फांद्यांत रुतली, उलटली. बर्फाचं वितळलेलं पाणी नाकातोंडात गेलं. थोराने काठावरून फेकलेला दोर हाताला लागला म्हणून हालवर आज बटाटे खात होता.

काठावर ओकून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं होतं, "तू मला झाडाकडे का पाठवलंस?"

"मी दुसरीकडे दाखवलं होतं," आस्लाक म्हणाला. "तुला नीट दिसलं नाही."

वैर सुरू झालं ते या उत्तराने. झाडाबद्दल हालवरने कधीच माफ केलं असतं; शाळेपासूनची दोस्ती होती. पण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं बोट आपण पाहिलंच नाही, हे त्याला गिळवत नव्हतं. थोराने बोट पाहिलं नव्हतं; ती दोराच्या पिशवीशी झटत होती.

शिवाय बुटाचं प्रकरण. जो नावेतून पडून पोहत काठाला लागतो, त्याने त्याच संध्याकाळी आपल्या ओल्या बुटातून बिअर प्यायची, ही त्यांच्यातली जुनी रीत. हालवरने बूट काढलाच नाही. आपण पडलो नाही, आपल्याला पाडलं, असं त्याने थोराला सांगितलं, आस्लाकला ऐकू जाईल अशा बेताने. आस्लाकनेही थोरालाच उत्तर दिलं, की काही लोकांना बिअरपेक्षा आपला मोठेपणा जास्त गोड लागतो. दुसऱ्या दिवशी कुणीच नदीवर गेलं नाही. हालवरने तपकिरी चीजचा डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला. आस्लाकने हालवरचे वाळत घातलेले कपडे पावसात तसेच भिजू दिले. चाळिशी ओलांडलेली माणसं ही.

शेवटी थोरा चिडली. "उद्या तिघं पाण्यात उतरू, नाहीतर मी गाडी घेऊन निघते. तुम्ही दोघं चालत जा आणि वाटेत भांडा."

हालवर आस्लाककडे न बघता म्हणाला, "उतरतो. पण पुढे मी. वाट दाखवणारा हात माझा. आणि तो खोटं बोलला हे त्याने कबूल केल्याशिवाय पुढच्या वर्षी मी त्याच्याबरोबर डबक्यातसुद्धा उतरणार नाही."

"पुढच्या वर्षी तुला बोलावतंय कोण, लेका?" आस्लाक म्हणाला.

सकाळी पावसाने नदी चढलेली होती. पाणी हिरवं राहिलं नव्हतं, राखाडी झालं होतं. शेवटचा मोठा उतार आला तेव्हा हालवर आधी गेला. वाट त्याने नीट हेरली होती: मधल्या शिळेच्या उजवीकडून. तो सुखरूप उतरला, नाव वर ओढून खडकावर उभा राहिला, आणि वल्हं उभं धरून 'ये' म्हणून खूण केली. मनात म्हणाला, बघून घे, वाट अशी दाखवतात.

आस्लाक निघाला. तो अर्ध्यावर असताना पुराबरोबर आलेला एक ओंडका त्याच्या पुढ्यात घरंगळत खाली आला आणि त्याच उजव्या फटीत आडवा बसला.

हालवरच्या हातून वल्हं गळून पडलं. त्याने पाहिलं ते फक्त ओंडक्याला, आणि त्याचा हात उठला, बोट ताठ झालं, थेट ओंडक्याकडे. तो ओरडतही होता, पण ते कुणाला ऐकू जाणार? आपण काय करतोय हे कळेपर्यंत आस्लाकने त्याच्याकडे पाहिलंही होतं. हात खाली घ्यायचा म्हटलं तर हात ऐकेना. देवा, हालवर मनात म्हणाला, याने माझं ऐकू नये.

आस्लाकने दोन जोरदार वल्ही मारली आणि बोटाच्या अगदी उलट, डावीकडच्या अरुंद घळीत नाव घातली. नाव दगडाला खरवडली, नाकावर उभी राहिली, आणि खालच्या संथ पाण्यात येऊन पडली.

थोरा त्याच्या मागोमाग डावीकडूनच आली. आस्लाक हेल्मेट काढून काठावरच्या गवतावर बसला होता. हालवर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी तुला ओंडका दाखवला," तो म्हणाला.

"हो."

"मग तू डावीकडे का गेलास?"

आस्लाक ओले हातमोजे पिळत राहिला. "तुझं तोंड बघितलं. भ्यालेल्या माणसाचं बोट कुठे जातं ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू झाडाखाली होतास तेव्हापासून." मग तो आणखी खालच्या आवाजात म्हणाला, "मी झाडाकडेच दाखवलं होतं, हालवर. वर येऊन तू विचारलंस, आणि ते कबूल करायचं धाडस झालं नाही."

हालवरला राग आला, चांगलाच आला. एवढं एक वाक्य बोलायला तुला माझा जीव जाता जाता वाचला तेही पुरलं नाही, असं तो म्हणालाही. पण बोलता बोलता हालवरची नजर आपल्याच उजव्या हाताकडे गेली. मघाशी तो हात त्याचा नव्हता, भीतीचा होता.

तो खाली बसला. पायातला बूट ओढून काढला, उलटा करून झटकला, आणि गाडीतून बिअर आण म्हणून थोराला सांगितलं.

"आज तर कुणीच पडलं नाही," थोरा म्हणाली.

"माझी परवाची राहिलीय."

बूट भरला. हालवरने तोंड वाकडं करत अर्धा संपवला आणि आस्लाकपुढे धरला. आस्लाकने आत वाकून पाहिलं.

"यात वाळू आहे."

"तू पाठवलंस तिथलीच आहे. पी गुमान."

आस्लाक पिणार तोच थोराने त्याचा हात धरला. अन्न असो वा पाणी, आभार मानल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, असं तिच्या घरचं वळण. हसू दाबत तिने त्या घाणेरड्या बुटावर प्रार्थना सुरू केली. पहिली ओळ ती एकटी गायली. दुसरीला हालवर आला, सुरापासून बराच लांबून. आस्लाक बूट हातात धरून तिसऱ्या ओळीपर्यंत थांबला, मग त्यानेही सूर ओढला.