ढमीची सोबतीण

मी एक म्हातारी, काळी उंदरीण आहे. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत आणि मागचा एक पाय ओढत चालते. माझे सारे आयुष्य प्रयोगशाळेतल्या पारदर्शक पिंजऱ्यात गेले. पण मित्रांनो, माझ्यापेक्षा माझ्या बहिणीची गोष्ट मोठी आहे. ती सांगायला ती उरली नाही, म्हणून मी सांगते.

आमचा जन्म ठरवून झाला होता. शरीरातल्या पेशींच्या दारावर जणू बेल बसवलेल्या असतात. बाहेरून निरोप आला की बेल वाजते आणि आत काम सुरू होते. शास्त्रज्ञ तिला रिसेप्टर म्हणतात. माणसांना फुप्फुसे कडक होण्याचा एक आजार होतो. अशीच एक बेल तो आजार वाढवते, असा इथल्या प्रमुख सरांचा ठाम समज होता. ती बेल बंद पाडणारे औषध दुसरीकडे तयारही झाले होते. लवकरच ते रोग्यांना द्यायचे होते.

ती बेल कशी घडवायची हे ज्या जनुकात लिहिलेले असते, त्याच्या दोन्ही बाजूंना आम्हा बहिणींच्या अंगात एकेक खूण होती. माझ्या बहिणीत शिवाय एक कात्री होती. ही कात्री फक्त फुप्फुसांच्या पेशींत, आणि तीही झोपलेली. ठरावीक औषध पोटात गेले की ती जागी होई आणि दोन खुणांमधला तेवढाच तुकडा कापून टाकी. ते जनुक पहिल्यापासून साऱ्या अंगातून काढले, तर पिल्लू आईच्या पोटातच दगावते. म्हणून हा सारा खटाटोप. माझ्यात खुणा होत्या, कात्री नव्हती. कानाचा कणभर तुकडा तपासल्यावर हे कळले आणि प्रयोगातून मी गळले. पण एकटा ठेवलेला उंदीर झुरतो, म्हणून मला बहिणीच्या सोबतीला राहू दिले.

आमची देखभाल संशोधन करणारी ताई करी. बहीण गोलमटोल होती, तिला ती ढमी म्हणे. एकदा सरांनी ते ऐकले.

"उंदरांना नावं ठेवू नयेत. माया लागते," ते म्हणाले.

"नावं तर तुम्ही आम्हाला ठेवता, सर," ताई म्हणाली. सर गालातल्या गालात हसत निघून गेले.

मग ढमीला कात्री जागी करणारे औषध दिले. कात्रीने आपले काम केले. पुढे तिच्या फुप्फुसांत तो आजार निर्माण केला गेला. बेल नाही म्हणजे आजार सौम्य राहणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

तसे झाले नाही. ढमीने आधी घरटे बांधणे सोडले. कागदाचे मऊ तुकडे तसेच पडून राहू लागले. मग ती पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसू लागली. तिच्या बरगड्या भराभरा वरखाली होत. मी ते तुकडे ओढून तिच्या अंगावर टाकी आणि तिला चिकटून बसे. शेजारच्या पिंजऱ्यांतही हेच चालले होते. ज्यांची बेल काढली होती, त्यांचेच हाल जास्त होते.

ताईने सरांना आणि पशुवैद्य बाईंना बोलावून घेतले.

"सर, हिला श्वास लागतोय. आता थांबवायला हवं."

"अजून थोडे दिवस कळ काढ," सर म्हणाले. "अर्धवट आकड्यांना कोण विचारतं?"

"इतकं झालं की थांबायचं, हे आपणच ठरवलं होतं ना?"

"म्हणजे इतकी वर्षं मी बोललो ते सगळं चुकीचं? जगापुढे तोंडावर पडायचं मी?"

ताई मागे हटली नाही. "आणि ही बेल बंद पाडणारं ते औषध उद्या माणसांना दिलं तर, सर?"

बाईंनी ढमीला तळहातावर घेतले, कान लावून छाती ऐकली आणि म्हणाल्या, "आजच थांबवा. हिने सांगायचं ते सांगून झालंय."

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. ढमीला गुंगी देऊन शांतपणे मरण दिले. ताईने तिला शेवटपर्यंत ओंजळीत धरले होते. त्यानंतर मी बराच वेळ तिचा वास शोधत पिंजराभर फिरले. पुढे ताईने मला दोन म्हाताऱ्या उंदरिणींच्या पिंजऱ्यात सोडले. सुरुवातीला त्या फिस्कारल्या, मग जागा करून दिली.

सरांना शंका होती की पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल. म्हणून ताईने नव्या उंदरांवर प्रयोग पुन्हा केला. या वेळी आजार हलका ठेवला आणि लवकर थांबवले. उत्तर तेच आले. ती बेल आजाराला बोलावत नव्हती, ती दुरुस्ती करणाऱ्या पेशींना हाक मारत होती.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो आपण," सर हळूच म्हणाले. त्यांनी तिथेच उभे राहून औषधवाल्यांना फोन लावला. औषध रोग्यांपर्यंत गेले नाही. पुढे भर सभेत सरांनी सांगितले, "माझं चुकलं होतं." ताई सभेहून परत आल्यावर हे बाईंना सांगत होती, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

नुसत्या खुणांनी म्हातारपणी काही बिघडते का, हे पाहण्यासाठी मला अजून ठेवले आहे. खायला मिळते. अंथरूण स्वच्छ असते. तक्रार नाही.

एकच मागणे आहे. कुणी म्हणतात, उंदरांनी माणसांसाठी त्याग केला. असे म्हणू नका. त्याग करणाऱ्याला आधी विचारलेले असते, आम्हाला कुणी विचारले नव्हते. म्हणून तुमच्यापैकी कुणी मोठेपणी अशा खोलीत काम करायला आलात, तर आम्हाला वेदना होईल तिथे थांबा, आणि आम्ही दिलेले उत्तर आवडले नाही तरी सगळ्यांना सांगा. लपवलेले उत्तर कुणीतरी पुन्हा शोधायला निघतो, आणि तो प्रश्न पुन्हा एखाद्या ढमीलाच विचारला जातो.