हिरवी सवत

मी दातांच्या डॉक्टरांची हिरवी विलायती गाडी बोलतेय. जरा मोठ्यानेच बोलते, कारण माझ्या सायलेन्सरला भोक आहे. मी बुटकी, गोल डोळ्यांची, दोघांपुरती. माझा जन्म झाला त्या देशात बारा महिने पाऊस, तरी मला धड छप्पर द्यावं असं तिथे कुणाला वाटलं नाही. एक कापडी टप दिला. तो ओढून बसवेपर्यंत पाऊस थांबलेला असतो.

डॉक्टर तेव्हा तरुण होते. मी बोटीतून उतरले त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवला. एक दाढदुखीवाला गालाला हात लावून तसाच परत गेला. माझं बॉनेट उघडताना डॉक्टर सवयीने म्हणायचे, "हं, मोठा आ करा." मग तोंडात घालायचा तो छोटा आरसा घेऊन इंजिनात डोकावायचे. माझं तेल गळायचं, म्हणून खाली चूळ भरायचं भांडं ठेवायचे. आमच्यातल्या सगळ्यांचंच तेल गळतं. लोक त्याला खोड म्हणतात, आम्ही घराणं म्हणतो.

पुढे लग्न झालं, मालकीणबाई आल्या. पहिल्याच फेरीत मी भर चौकात बंद पडले. डॉक्टर स्टीअरिंगवर आणि नवी नवरी मागून धक्का देतेय! धापा टाकत त्यांनी विचारलं, की आजवर हिला धक्का कोण मारायचं. डॉक्टर म्हणाले, कुणीही. आता तू आहेस. त्या दिवसापासून माझं नाव 'सवत' पडलं. सवतीची आंघोळ आटोपली असेल तर जेवायला या, अशी स्वयंपाकघरातून हाक यायची. पण सुट्टीच्या दिवशी केसांना रुमाल बांधून सगळ्यात आधी माझ्यात येऊन बसायच्या त्याच. वाटेत मोकळ्या गळ्याने गायच्या. माझ्या आवाजात त्यांचं गाणं खपून जायचं.

मग लेक झाली. दोन जागांत तिघं कशी मावणार? माझी रवानगी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली, अंगावर जुनी चादर. माझ्या सीटवर मांजर व्यालं, तेवढाच काय तो शेडमधला आनंद. लेक मोठी होऊन सासरी गेली तोवर डॉक्टरांचे गुडघे गेले होते. क्लच दाबवेना. तरी ते शेडमध्ये यायचे, माझ्यात बसायचे आणि तोंडाने घुर्र घुर्र आवाज काढायचे. मग उठता येईना, की हॉर्न वाजवायचे. मालकीणबाई येऊन त्यांना बखोटीला धरून उपसायच्या. दाढसुद्धा याहून लवकर निघते, म्हणायच्या.

शेवटी वैतागून त्यांनीच ठरवलं, सवत देऊन टाकायची. लेकीने एका फोटोग्राफरला आणलं. तो लग्नाचे फोटो काढायचा. मला बघून हरखलाच. डॉक्टर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझं तेल गळत होतं. त्या दिवशी ते घराण्यामुळे नव्हतं.

फोटोग्राफर उत्साहात सांगत होता, की इंजिन काढून टाकू, त्या खळग्यात फुलझाडं लावू आणि नवरा-नवरीला आत बसवू.

मालकीणबाईंनी विचारलं, इंजिन काढल्यावर ही चालणार कशी?

"चालायला कशाला हवी, मावशी? फोटोत सगळं चालतं."

मालकीणबाईंनी चादर उचलली आणि पुन्हा माझ्या अंगावर घातली. "नाही द्यायची."

लेक चकित झाली. तूच तर मागे लागली होतीस, म्हणाली.

"लागले होते. माझी सवत आहे, मी काय वाटेल ते बोलेन. म्हणून कुणी तिचं पोट फाडून गुलाब लावायचे नाहीत." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "अहो, गुडघे तुमचे गेलेत, माझे नाही. क्लच कुठला, ते दाखवा."

डॉक्टर वळले. "डावीकडचा," एवढंच म्हणाले.

आता मला चादर नाही. मालकीणबाई गाडी शिकतायत. त्या गिअर टाकतात तेव्हा माझे दात करकरतात आणि शेजारी बसलेले दातांचे डॉक्टर डोळे गच्च मिटतात. पण आम्ही तिघंही रोज बाहेर पडतो.

तुम्हाला एकच विनंती. पुढे चढावर एखादी बुटकी हिरवी गाडी अडलेली दिसली, तर हॉर्न वाजवू नका. मालकीणबाई भांडायला खाली उतरतात. हँडब्रेक ओढायचं त्यांच्या ध्यानात राहत नाही, आणि मग डॉक्टर आणि मी हळूहळू तुमच्याच दिशेने यायला लागतो.