पडलेल्या बोंडावर फुंकर

तुळसाबाईची प्रियंका हैदराबादेला गेली, तेव्हापासून बाभुळगावात तुळसाबाईच्या तोंडाला कुलूप असं लागलंच नाही. त्या साली कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, वेचणीची कामं निम्म्यावर आली होती, आणि ही बाई मात्र वावरात शेजारच्या तासातल्या, म्हणजे कपाशीच्या ओळीतल्या, बायकांना ऐकवत सुटायची. सकाळी दवाखान्यात सिस्टरच्या हाताखाली काम, दुपारून शिकणं, अंगावर पांढरा ड्रेस. “तेलुगूबी बोलते आता,” हे शेवटी ठरलेलं. प्रियंकाला तेलुगूचे चार शब्द येत होते, पण आईच्या तोंडी चाराचे चाळीस व्हायला कितीसा वेळ लागतो?

एक गोष्ट मात्र ती कोणाला सांगायची नाही. पहिले सहा महिने पोरीची परीक्षाच होती. मोठ्या सिस्टरनं शेरा चांगला दिला तर नर्सिंगच्या वर्गात नाव, नाही तर आपली हिरवी पेटी उचलून परत. आणि सहावा महिना चालू होता.

दर रविवारी दहा वाजता बाबारावच्या किराणा दुकानात प्रियंकाचा फोन यायचा. पोरीला परराज्यात धाडलं म्हणून बाबारावनं तुळसाबाईला आधीच दोन शब्द सुनावले होते. त्या रविवारी मात्र तो नऊलाच तिच्या दाराशी हाक मारत आला. फोन आला होता.

“आई, माह्याकडून गलती झाली,” प्रियंका म्हणाली. आवाज पार बसलेला.

झालं होतं असं. भाजलेल्या पेशंटच्या पट्टीसाठी वाफेत शुद्ध केलेला कापूस स्टीलच्या डब्यात भरून ठेवतात. सकाळी त्यातला एक बोळा तिच्या हातून फरशीवर पडला. तिनं तो उचलला, फुंकर मारली आणि टाकला परत डब्यात. झाकण लावल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. आता तो अख्खा डबा खराब झाला होता.

तुळसाबाईला पुढचं सांगायची गरजच नव्हती. पोरगी सात वर्षांची असताना तिच्या कमरेला कापसाची ओटी बांधून तिनंच शिकवलं होतं, पडलेलं बोंड सोडायचं नाही, उचल, फुंकर मार, ओटीत टाक. पोरीचा हात आईनं शिकवलं तसाच चालला होता.

“कोनी पाह्यलं काय?”

“कोनीच नाही. सांगतलं तं वापस पाठवतीन मले.”

बाबाराव तराजू पुसत होता, म्हणजे ऐकत होता. नुसतं ‘चूप राह्य’ म्हटलं की सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. पण कोणाच्या तरी लेकराची भाजलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

“डबा कधी उघडतीन?”

“दहा वाजता.”

“मंग मले फोन कायले करून राह्यली? जाय, सांग त्याईले. घरी वापस आली तरी माही ना नाही.”

तिनं फोन ठेवला. “काहून वो, सहा महिन्याची मेहनत पाण्यात घातली पोरीची?” बाबाराव म्हणाला. तुळसाबाई दुकानाची पायरी उतरून चालू लागली. तिला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर तर ते मुळीच दाखवायचं नव्हतं.

आठवडाभर ती वेचणीवरून मुद्दाम स्टँडच्या रस्त्यानं घरी आली. यवतमाळची गाडी थांबली की उतरणाऱ्यांत हिरवी पेटी शोधायची. वावरात तोंडातून शब्द नाही. बायकांना वाटलं, हिच्या अंगात कसकस आहे.

पुढच्या रविवारी ती नऊपासूनच दुकानाच्या पायरीवर बसली होती. दहाला फोन वाजला.

“जयभीम आई. मोठ्या सिस्टरनं लय झापलं मले. सगळा डबा पुन्हा वाफेत घालाले लावला.”

“मंग?”

“मंग म्हणे, कोनी पाह्यलं नव्हतं तं सांगतलं काहून? म्या म्हटलं, आईनं सांगाले लावलं. काल वर्गाच्या यादीत नाव लागलं, आई. अन् आता सगळे डबे मीच भरतो.”

तुळसाबाईनं पदरानं डोळे पुसले, बाबारावसमोरच, खुशाल पुसले. गुळाचा खडा कागदावर ठेवून त्यानं तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी वावरात तिनं ना पांढऱ्या ड्रेसचं नाव काढलं, ना तेलुगूचं. ओटी बांधता बांधता शेवटच्या तासातल्या बाईपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “ऐका वो बायाहो, माह्या पोरीनं दवाखान्यात काय गलती केली ते सांगतो.”