मोंडेची चादर

मी नोझुकोची शिलाई मशीन बोलतेय. पण तुम्हाला कुणी पाठवलं? रागावू नका, ही सवय तिच्याच घरात लागली.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा पोर्ट एलिझाबेथजवळच्या काळ्यांच्या वस्तीत आम्ही राहायचो. माझ्यावर शिवायला वर शाळेचे झगे, त्यांच्याखाली आमच्या लढ्याचा, सरकारने बंदी घातलेला काळा-हिरवा-सोनेरी झेंडा. दार वाजलं की नोझुको झगा पुढे ओढायची. त्या महिन्यात गल्लीतल्या तीन घरांवर पोलिसांची धाड पडली होती. कुणीतरी आतल्या बातम्या देत होतं. नोझुको शेजारणीच्या साखरेच्या वाटीकडेसुद्धा संशयाने बघायची.

एका शुक्रवारी अनोळखी बाई आली. अंगावर विटका झगा, पायात मात्र कोरे बूट.

"सिसी, ताई, माझ्या पोराला, मोंडेला उद्या पुरायचंय. पोलिसांनी गोळी घातली त्याला. पेटीवर घालायला झेंडा हवाय."

"कसला झेंडा? मी झगे शिवते."

"तुम्ही शिवता, ठाऊक आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"नाव घेऊ नको म्हणून बजावलंय."

"मग नीघ. आणि बूट देणाऱ्या साहेबाला सांग, इथे फक्त झगे मिळतात!"

बाई गेली. मलाही ती खबरीच वाटली. तयार झेंडा तेव्हा माझ्या सुईखालीच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्ययात्रा आमच्या दारावरून निघाली. शवपेटीवर निळ्या फुलांची पलंगाची चादर होती, आणि मागून तीच बाई चालत होती. बूट उसने होते, आता तेही कळलं. एका टाचेत कागदाचा बोळा कोंबलेला दिसत होता.

नोझुकोने झेंडा ॲप्रनखाली लपवला आणि पोलिसांच्या गाड्यांसमोरून धावली. बाईने तो हाताने बाजूला सारला.

"माझं पोर झाकलंय, सिसी. हा दुसऱ्या कुणासाठी ठेव. पण त्याच्या आईला तरी विचारू नकोस, कुणी पाठवलं म्हणून."

नोझुको झेंडा घेऊन परतली. त्या दिवशी तिने मला हात लावला नाही.

गल्लीतला खबरी कोण, ते आजवर कळलेलं नाही. राज्य बदललं. नोझुको गेली. आता मी आणि तो झेंडा संग्रहालयात काचेआड आहोत. 'हा झेंडा शहिदांच्या शवपेट्यांवर पांघरला जाई,' असं खाली लिहिलंय. मरण्यापूर्वी नोझुकोने तिथल्या साहेबांना खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आजी, लोकांना अभिमान वाटेल असं काहीतरी हवं."

तेव्हा पाटीवर जाऊ नका. हा झेंडा कुणावरही पडलेला नाही. मोंडे आईच्या चादरीत गेला. एवढं कुणाला तरी सांगा. माझं नाव घेतलंत तरी चालेल.