दिव्याचं तोंड

“सर, आमच्या गावातला सूर्य दुपारी जेवून झोपतो का?”

भर सभेत, मागच्या सतरंजीवर उभी राहून मी हे विचारलं. पुढे खुर्च्यांवर बसलेले सगळे एकदम मागे वळले. उषी आणि रोहिणीने ओढणी तोंडात कोंबली. प्रश्न त्यांचाच होता. नाल्यावर हंडा भरताना उषी म्हणाली होती, “हिंमत आहे तर सोलरवाल्या सरांना सगळ्यांसमोर विचारून दाखव. उद्याचा तुझा हंडा मी आणते.” रोहिणी म्हणाली, “ही काय विचारते! घरात शेर, बाहर ढेर.” असं कोणी मला म्हणावं आणि मी गप्प बसावं? सव्वीस जानेवारीला शाळेत मी माइकवर बोलले, तेव्हापासून माझा आवाज घरात मावत नाही असं माय म्हणते. आवाज आहे तर वापरू नको?

सभा कशाची, तर सोलर गावाच्या ताब्यात द्यायची. आमच्या आंबापाटला तारेची लाइट कधी आलीच नाही. नेपानगरहून टेम्पो जिथे सोडतो तिथून पुढे चढच चढ, आणि खांब लावणारे लोक बहुतेक तो चढ बघूनच परत जातात. इतकी वर्षं गावात एक डिझेलचं इंजिन आहे. संध्याकाळी सुरू, जेवणं झाली की बंद. ते इंजिन चालवतात माझे बाबा, म्हणजे गिरधरभाऊ इंजिनवाले. हात पुसायचं फडकं त्यांच्या खांद्यावर असं असतं, जसा नवरदेवाचा शेला.

दिवाळीनंतर त्या इंजिनाला जोड म्हणून सोलरच्या प्लेटा आल्या. ठरलं असं, की दिवसा पाण्याचा पंप सोलरवर चालेल आणि रात्री दिवे इंजिनावर. पंपाला सूर्य मिळाला म्हणून गावच्या समितीने पंपाचं डिझेल बंद केलं. छान. फक्त प्लेटा लावताना आमच्या गावाने अक्कल लावली, आणि तिथे सगळं बिघडलं.

कंपनीचे सुरेश सर प्लेटांचं तोंड दक्षिणेकडे करत होते. आमच्याकडे सूर्य दक्षिणेच्या बाजूनेच फिरतो, थंडीत तर फारच. भूगोलाच्या पुस्तकात आहे, आणि पुस्तक नको असेल तर अंगणातली सावली आहे. पण धुरपदाआजी काठी टेकत आली आणि म्हणाली, “दक्षिणेले तोंड? काय वं बाप्पा, दिवा कधी दक्षिणेले ठेवता का? ती यमाची दिशा. धनतेरसले एक दिवा यमाच्या नावाचा, बस. रोज रोज यमाले दिवा दाखवसान तर तो येईन ना घर पाहाले!”

आजी ऐंशीची आहे, तिला काय बोलायचं. पण समितीचे मधुकरदादा? केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत पाठवतात, खिशात दोन मोबाइल. तेही लगेच गंभीर झाले. “बात तो सही आहे. पहिल्यांदा गावात सोलर येतंय, अपशकुन कायले? पूर्वेला करा. सूर्यनारायण उगवतात तिकडे.” जसं काही सूर्यनारायण उगवून तिथेच बसून राहतात.

सुरेश सरांना सगळं कळत होतं. कॉलेज शिकलेला माणूस. पण ते हसले आणि म्हणाले, “गावाची भावना महत्त्वाची.” भावना! त्यांना लवकर काम संपवून बुऱ्हाणपूरला घरी जायचं होतं, एवढीच त्यांची भावना. आणि माझे बाबा? त्यांनी तर मान डोलावली. “पूर्वच बरी. सकाळ सोलरची, रात्र माझ्या इंजिनाची. दोघांचा मान राहतो.”

खांब पूर्वेकडे फिरले, प्लेटांना हळदीकुंकवाची बोटं लागली, नारळ फुटला. सकाळी पंप काय जोरात चालतो! टाकी भरते, गुरं पितात, धुणं होतं, दुपारपर्यंत टाकी खडखडीत. मग ऊन प्लेटांच्या मागे जातं आणि पंप मान टाकतो. डिझेल तर बंदच. आम्ही पोरी शाळेतून चार वाजता दप्तर घेऊन येतो आणि हंडे घेऊन नाल्यावर जातो. नाला खाली, गाव वर. दोन खेपा झाल्या की अंधार. इंजिनाचा उजेड येतो तेव्हा भाकरी, भांडी, आणि पुस्तक उघडलं की बाबा इंजिन बंद करतात. मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा आहे. सकाळ सूर्याची, रात्र इंजिनाची, आणि मधली दुपार आमच्या डोक्यावर.

तर प्रश्न विचारला. मधुकरदादांनी डोळे वटारले. “कोण ती? गिरधरची पोरगी दिवा का? बस खाली, बाई. मोठ्यांचं चाललंय.”

“दादा, मोठ्यांचं चाललंय, पण पंप चालत नाही ना.”

मागून हसू फुटलं. सुरेश सर घसा साफ करून म्हणाले, “बेटा, थंडीत थोडा परिणाम होतो...”

“थोडा? सर, चार वाजता प्लेटांवर ऊन पडतच नाही. पाठ शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या बसलेल्या असतात त्या. धुरपदाआजी, तू मिरच्या कुठे वाळवतेस गं दुपारी?”

आजी पहिल्या रांगेत होती. तिने अगदी प्रेमाने सांगितलं, “त्या प्लेटांच्या मांगे, माय. तिथंच तर ऊन राह्यते सांजलोक.”

आता सगळी सभा हसली. आजीही हसली, कशाला ते तिला कळलं नाही. सुरेश सरांनी खाली बघितलं. बाबांनी खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं, आणि तोंडाला ग्रीस लागलं.

मधुकरदादा उठले. “हे बघ, पोरी. भूगोल शाळेत. इथे श्रद्धेचा मामला आहे. दिवा दक्षिणेला नाही म्हणजे नाही.”

हे मला हवंच होतं. “दादा, वेशीवरचा आपला मारुती कुठे तोंड करून उभा आहे?”

सगळ्यांना माहीत आहे. आमचा मारुती दक्षिणमुखी आहे. दर शनिवारी मधुकरदादा तिथे तेल घालतात, नवीन ट्रक घेतला की तो आधी देवापुढे नेतात आणि नातेवाइकांना फुशारकीने सांगतात, दक्षिणमुखी आहे, फार कडक देव.

“त्याच्यापुढे दिवा कुठल्या दिशेला ठेवता? मारुतीला चालते दक्षिण, तर पंपाला काय झालं?”

“देवाची गोष्ट वेगळी,” दादा म्हणाले. “मशिनीची वेगळी.”

“मशीन वेगळी, तर तिला देवाचे नियम कशाला?”

“गिरधर!” दादांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. “पोरगी फार शिकली रे तुझी. होळीनंतर बघू. पुढचा विषय घ्या.”

होळीनंतर! सुरेश सरांची माणसं आणि पाने-पकडी परवा सकाळी गाडीत बसून जाणार. खांबांचे पट्टे ढिले करून प्लेटा फिरवायच्या, अर्ध्या दिवसाचं काम, ते स्वतःच सभेआधी चहा पिताना बोलले होते. गावाने हो म्हटलं तर उद्याच फिरवतो, म्हणाले. एकदा ते गेले की होळी काय आणि दिवाळी काय. या गावात जे एकदा वाकडं बसतं, त्याला पुढच्या वर्षी लोक परंपरा म्हणतात.

सभा संपली. सुरेश सर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, “तुझं बरोबर आहे हां.”

“मग मोठ्याने सांगा ना, सर,” मी म्हटलं. ते गाडीकडे गेले. फारच घाई होती बिचाऱ्यांना.

बाहेर वेशीजवळ आल्यावर उषी म्हणाली, “यार, तू तर आग लावली. चल, उद्याचा हंडा माझ्याकडे.”

“कुठला हंडा?” मी म्हटलं. उषी बघत राहिली. मग रोहिणीला कळलं. ती एवढी हसली की खालीच बसली. तिथेच, वेशीवर, आम्ही बाकीच्या पोरींना हाका मारल्या.

घरी आले तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. त्याच्या धडधडीवर आवाज चढवूनच आमच्याकडे बोलतात. बाबा फडक्याने तोंड घासत होते. ग्रीस अजून निघालं नव्हतं.

“मले तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तू,” ते म्हणाले. “दादासमोर! कायले बोलावं लागते तुले?”

“बाबा, खरं सांगा. तुम्हाला यमाची भीती आहे का? की सोलर दिवसभर चाललं तर इंजिनाला कोण विचारणार, ही?”

बाबांनी फडकं परत खांद्यावर टाकलं. मायने भाकरी थापायचं थांबवलं. लग्न झाल्यापासून ती तो नाला चढते, तिच्या गुडघ्यांना उठताना आवाज येतो. ती माझ्याकडे बघत होती, बाबांकडे नाही.

“इंजिनाला सगळे विचारतील,” मी म्हटलं. “रात्री सूर्य नसतोच. पण दुपार तुमची नाही, बाबा. दुपार माझी आहे.”

“जास्त बोलू नको. दिवा, जा, हंडा घे, उजेड आहे तोवर एक खेप...”

“नाही.”

मी हंडा उचलला, चुलीजवळ आणला आणि बाबांच्या समोर पालथा ठेवला.

“माय, बाबा, दोघंही ऐका. उद्यापासून मी नाल्यावर जाणार नाही. उषी नाही, रोहिणी नाही, गावातली एकही पोरगी नाही. शाळेतून आलो की आमचे हंडे मारुतीच्या पारावर पालथे, आणि आम्ही तिथेच अभ्यासाला बसणार, दक्षिणेला तोंड करून. ज्यांना दिवा पूर्वेलाच हवा आहे त्यांनी पाणी आणावं. दादांना सांगा. सरांची गाडी परवा जाते, तोवर प्लेटा फिरवल्या तर बरं. नाही फिरवल्या, तर बाबा, नाल्याची वाट मी तुम्हाला दाखवीन. हंडा तुम्ही उचलायचा.”